वेशीबाहेरच्या खडीच्या वाटा

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुट्टीवर घरी आला होता. काही वर्षांपासून तो स्पेनमध्ये नोकरीस आहे. मध्यरात्रीची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात चहा आणि करंज्या चालू होत्या, तेव्हा त्याने आपल्या मोबाईलवरील काही छायाचित्रे मला दाखविली. जिरोना नावाचे प्राचीन शहर, तिथून निघून झाडीत शिरणारी खडीची वाट आणि त्या वाटेवर सायकलींवरून चाललेली आजोबा-नातवंडांसह सगळी घरेच्या घरे. एकाही छायाचित्रात मोटार नव्हती. "फादर, आपल्या शहराभोवती असं काहीच नाही," तो म्हणाला. बोलण्यात तक्रार नव्हती, खंत होती. बाहेर सडकेवर त्या अपरात्रीही ट्रकांचा आवाज चालू होता.

मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. मिस्सेनंतर शंभर माणसे भेटायला थांबलेली असतात. पण त्याचे वाक्य मनात राहिले, कारण ते मला खरे वाटेना. पुढील मजकूर म्हणजे त्या वाक्याला दिलेले, थोडे उशिराचे, उत्तर होय.

प्रथम जिरोनाविषयी. कातालोनिया प्रांतातील हे शहर रोमन काळापासूनचे. तेथील कॅथेड्रलचा मध्यभाग सुमारे २३ मीटर रुंद असून गॉथिक शैलीच्या चर्चमध्ये जगात त्याहून रुंद दुसरा नाही. तथापि आज जगभरचे सायकलस्वार तेथे जातात ते कॅथेड्रलसाठी नव्हे, शहराबाहेरच्या वाटांसाठी. या वाटांपैकी दोन पूर्वी आगगाडीच्या होत्या. एक गाडी समुद्रकाठच्या सान्त फेलिऊ दे गिशोल्स या बंदराकडे १८९२ पासून धावू लागली; दुसरी डोंगरातील ओलोत गावाकडे, तिचा मार्ग १९११ साली पुरा झाला. दोन रुळांमधील अंतर अवघे पाऊण मीटर, म्हणजे आपल्या बार्शी लाईट रेल्वेच्या गाडीसारखीच ती चिमुकली गाडी. पुढे मोटारी आल्या, उतारू घटले आणि १९६९ साली दोन्ही गाड्या बंद झाल्या. रूळ गेले, वाट राहिली. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा मृत रेल्वेमार्गांना 'हिरव्या वाटा' करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. ओलोतची वाट ५४ कि. मी. आहे, समुद्राकडची सुमारे ४०. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून तिची वाट डोंगराच्या कडेकडेने हळूहळू चढत जाते, आणि जे इंजिनाला सोसवते ते म्हातारी माणसे व लहान मुले यांच्या पायांनाही सोसवते.

आपल्याकडे तसे का घडले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे अर्धे उत्तर असे की आपली गाडी मेलीच नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे १९०० च्या सुमारास सुरू झाला. १९९० च्या दशकात मनमाड ते औरंगाबाद हा भाग ब्रॉडगेज झाला आणि गाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. त्याबद्दल देवाचे आभारच मानावयास हवेत. सायकलीसाठी कोणी धावती गाडी मागू नये. उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र लांबचा आहे, आणि तो शोधण्यासाठी शहराच्या वेशीबाहेर पडावे लागते.

छत्रपती संभाजीनगर हे नाव शहरास २०२३ साली मिळाले. मलिक अंबरने १६१० साली ते वसविले तेव्हा ते खडकी होते, त्याचा पुत्र फत्तेखान याच्या काळात फत्तेनगर झाले आणि १६५३ पासून औरंगाबाद. मराठ्यांच्या हल्ल्यांपासून संरक्षण म्हणून औरंगजेबाने १६८२ मध्ये तट बांधला. बावन्न दरवाजांचे शहर असा त्याचा लौकिक. त्यांतील थोडेच आज उभे आहेत. पण त्या थोड्यांची नावे पाहावीत: दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा. दरवाजाला त्यातून बाहेर पडणाऱ्या वाटेचे नाव आहे. तेव्हाच्या माणसाच्या मनात दरवाजा ही अडवणारी वस्तू नव्हती, वाटेचा पहिला टप्पा होती.

पैठणची वाट सर्वांत जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याचे नमूद केले आहे. पैठणचा अकीक आणि तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचला जाई, आणि तेही फार मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून, असे तो लिहितो. सातवाहनांच्या राजधानीचा माल रोमपर्यंत पोहोचत होता आणि तरीही वाटेत बांधलेला रस्ता नव्हता! गाड्यांच्या चाकोऱ्या हाच रस्ता. याच प्रदेशातून सोळाव्या शतकात बालवयातले एकनाथ पैठणहून देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे गेले. किल्लेदार असलेल्या गुरूंची समाधी आज देवगिरीवर आहे, आणि शिष्याने जेथे तप केले ते शूलिभंजन खुलदाबादजवळच्या डोंगरावर.

देवगिरीची, म्हणजे दौलताबादची, वाट राजांनी बांधली. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून येथे हलविली. काही वर्षांनी आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो की दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट असून तिच्या दुतर्फा झाडे आहेत, जणू माणूस बागेतूनच चालला आहे. दौलताबादच्या पुढे कागजीपुरा लागतो. तेथील कारागिरांचे पूर्वज तुघलकाबरोबर आले व हातकागदाची कला त्यांनी आणली, असे परंपरा सांगते. तेथून पुढे खुलदाबादचा घाट. औरंगजेबाच्या दरबारातील एका सरदाराने हा चढ फरसबंद केला आणि तशी नोंद फारसीत कोरून वाटेत दोन खांब उभे केले, असे जुनी इंग्रजी प्रवासपुस्तके सांगतात. फ्रेंच प्रवासी ज्याँ द थेव्हनो १६६६ साली सुरतेस उतरला आणि बैलांच्या गाडीतून औरंगाबादेस येऊन पुढे वेरूळला गेला. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहिणाऱ्या पहिल्या युरोपीय माणसांत त्याची गणना होते. सायकलीहून त्याच्या बैलांचा वेग निश्चितच कमी होता, म्हणूनच कदाचित त्याने इतके पाहिले.

आज या वाटेवर सायकल घालावयाची म्हणजे धाडसच आहे. वेरूळकडे जाणारी सडक दौलताबादच्या जुन्या कोटाच्या अरुंद दरवाजातून जाते आणि सुट्टीच्या दिवशी तेथे बसगाड्या व मोटारी एकमेकींना अडवून उभ्या राहतात. २०२३ पर्यंत तशीच अवस्था कन्नडच्या घाटाची होती. जेम्स औट्रम याचे नाव आजही त्या घाटास आहे; १८२५ साली उभ्या राहिलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचा तो प्रमुख होता. त्या घाटात ट्रकांची रांग लागली म्हणजे तासन्‌तास हलत नसे. आणि शहराच्या उत्तरेकडून जाणारा ७०१ कि. मी.चा समृद्धी महामार्ग! त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि २०२५ साली तो मुंबईकडे पुरा झाला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. जोरात धावणाऱ्या मोटारींच्या रस्त्यावर तसा नियम हवाच. पण दोन हजार वर्षांत या मुलखात बांधला गेलेला सर्वांत मोठा रस्ता पायी चालणाऱ्याचा नाही, ही गोष्ट इतिहासात प्रथमच घडते आहे.

म्हणजे त्या तरुणाचे म्हणणे खरे ठरले काय? थोरांच्या वाटांपुरते ठरले. परंतु वाटांचा आणखी एक वर्ग आहे. तो कोणत्याही प्रवाशाच्या पुस्तकात सापडत नाही, तो मला सायकलीने दाखविला.

सेमिनरीतून बाहेर पडल्यावर १९९७ साली माझी नेमणूक गंगापूर तालुक्यातील एका मिशनकेंद्रात झाली. या भागात पूर्वीचे मिशनरी घोड्यावरून वा बैलगाडीतून खेडोपाडी फिरत. त्यांच्यानंतरच्या फादरांच्या हाती सायकल आली. माझ्या वाट्यास आलेली सायकल बावीस इंची, काळी, आणि माझ्याहून वयाने फार लहान नसावी. पहिल्याच आठवड्यात मी सडकेने एका गावी मिस्सेसाठी निघालो, तेव्हा केंद्रावरच्या वृद्ध मास्तरांनी मला थांबविले. "फादर, सडकेनं कशाला? पाणंदीनं जा. सावली हाय, आन्‌ मोटारीचं भ्या नाय." मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे गेलो. दोन्ही बाजूंनी बाभळी व हिवर, मध्ये मुरमाची लालसर पट्टी. आठ-नऊ किलोमीटरांत मला तीन बैलगाड्या, एक धनगराचा कळप आणि शाळेतून घरी जाणारी मुले भेटली. चाकात बाभळीचा काटा मात्र दोनदा गेला.

पुढील चार वर्षांत मी अशा कितीतरी वाटा तुडविल्या. त्या सर्व सारख्या नाहीत. दोन गावांच्या सीमेवरून जातो तो शिवरस्ता, शेतांमधून जाते ती पाणंद, आणि पैठणच्या बाजूस गेले की कालव्याच्या भरावावरची वाट. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे १० कि. मी. लांब, डावा कालवा २०८ कि. मी. आणि उजवा १३२. कालव्याची देखभाल करणाऱ्यांना फिरता यावे म्हणून भरावावर वाट ठेवलेली असते. कालवा तर आगगाडीहूनही सपाट चालतो, कारण पाण्याला चढ मुळीच चढता येत नाही. जिरोनाची वाट ज्या कारणाने सोपी, त्याच कारणाने हीही सोपी.

मुरमाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपला सारा प्रदेश काळ्या बेसॉल्ट दगडाचा. तो दगड कुजला, झिजला की त्याचा मुरूम होतो. आणखी झिजला की काळी माती. काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घालून पाहावी. शंभर पावलांत चाक मडगार्डात रुतते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमातून मात्र पाणी निघून जाते. म्हणून वाट कायम राहावी असे वाटले तर आधी मुरूम टाकावा लागतो आणि त्याखाली खडी. खडीच्या रस्त्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने घालून दिले. वरच्या थरात कोणताही दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नसावा, हा त्याचा नियम. लहान, टोकदार दगड एकमेकांत अडकतात आणि चाकांच्या भाराने घट्ट बसतात. नियम सोपा आहे. पण एवढा दगड एवढा बारीक फोडायचा कोणी?

याचे उत्तर मला एका आजीने दिले. पाणंदीपेक्षा रुंद, नीट आखलेल्या अशा एका सडकेवरून मी नेहमी जात असे. ती तीनेक किलोमीटर सरळ जाऊन एका ओढ्याच्या काठी एकाएकी संपे. पूल नाही, पलीकडे सडक नाही. अशी अर्धवट सडक कोणी केली असेल म्हणून मी एकदा मिस्सेनंतर सहज विनोदाने बोललो. आजी हसल्या नाहीत. "फादर, त्या सडकंची खडी म्या फोडलेली हाय," त्या म्हणाल्या. "बहात्तरला. पोरगी पोटात व्हती."

१९७२ साली पाऊस गेला. मराठवाड्यात त्याआधीची वर्षेही चांगली नव्हती. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी यांच्या जोडीला रस्ते होते, आणि रस्त्यांसाठी खडी. लोक त्या जागेला खडी केंद्र म्हणत. बायाबापड्या ओळीने उन्हात बसून हातोडीने दगड फोडीत. फोडलेल्या खडीचा ढीग लावला की मुकादम येऊन मोजी आणि ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, मजुरी धरी. कपच्या उडून डोळ्यांना इजा होई. तान्ही मुले बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. खाण्यास सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे तेव्हा भूमिहीन होती. त्यांना परत जाण्यासारखे शेत नव्हते, त्यामुळे ती प्रथम आली आणि शेवटी उठली. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी एकदा हा विषय काढून पाहावा. मिलोची चव त्यांना अजून सांगता येते.

या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ साली संमत होऊन १९७९ च्या २६ जानेवारीस अमलात आला. पुढे दिल्लीच्या सरकारने २००५ साली देशासाठी तसाच कायदा केला. मोठमोठ्या पंडितांनी या कामांचा अभ्यास केला आहे. टीकाकारांनी एक आक्षेप नेहमी घेतला: हे रस्ते कोठेच जात नाहीत, पुढच्या पावसात वाहून जातात. आक्षेप अगदीच खोटा नाही. माझ्या ओळखीची ती सडक ओढ्यापाशीच थांबली. पण रस्त्याचे काम तेव्हा गावाला जोडणे एवढेच नव्हते, माणसाला उन्हाळ्यापलीकडे नेणे हेही होते, आणि ते तिने केले. आजींची ती मुलगी जगली. तिच्या मुलांचे बाप्तिस्मे मीच केले.

विशेष गोष्ट ही की ज्या सडका अपुऱ्या राहिल्या, त्यांच्यावर डांबर पडले नाही आणि मोटारी आल्या नाहीत. सन २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून गावोगावी डांबरी रस्ते झाले. ते झालेच पाहिजे होते. अडलेल्या बाळंतिणीला पाणंदीतून बैलगाडीने नेताना काय होते हे मी पाहिले आहे. त्या रात्रीनंतर डांबराविरुद्ध एक शब्दही मी बोलणार नाही. पण डांबरी रस्ता झाला की गावाचे लक्ष जुन्या वाटेवरून उडते. बैल कमी झाले, गाड्या मोडीत निघाल्या. मग पहिल्या वर्षी बांधाचा एक तास वाटेत शिरतो, दुसऱ्या वर्षी दुसरा. पाच वर्षांत पाणंदीची पायवाट होते आणि दहा वर्षांत पायवाटेची तूर.

कागदावर मात्र वाट मरत नाही. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते, आणि नकाशाची नक्कल भूमिअभिलेख कार्यालयात मिळते. वहिवाटीची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. २०२१ साली शासनाने मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आणली, आणि तिचा मोठा आधार पुन्हा रोजगार हमीच. म्हणजे बहात्तरच्या खडीवर नवा मुरूम त्याच व्यवस्थेने टाकावयाचा आहे.

स्पेनमध्ये याला तोडीस तोड अशी एक गोष्ट आहे, आणि ती आगगाडीच्या वाटांहून मला अधिक जवळची वाटते. तेथील मेंढपाळ शेकडो वर्षे उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे कळप नेत. राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ साली त्यांच्या संघास सनद दिली. मेंढ्यांच्या मुख्य वाटेची रुंदी ९० वार, म्हणजे सुमारे ७५ मीटर ठरलेली. पुढे कळप रेल्वेने व ट्रकने जाऊ लागले, वाटा ओस पडल्या आणि शेजारच्या शेतांनी त्या गिळावयास आरंभ केला. हुबेहूब आपल्यासारखे! १९९५ साली स्पेनने कायदा करून सांगितले की या वाटा सार्वजनिक आहेत, विकता येत नाहीत, आणि कितीही वर्षे कोणी त्यावर नांगर फिरविला तरी त्याची मालकी होत नाही. देशभर त्यांची लांबी सुमारे सव्वा लाख कि. मी. भरते. चालणारे व सायकलवाले यांनाही त्या कायद्याने मुभा दिली. वाटेचा हक्क लोकांच्या स्मरणात राहावा म्हणून १९९४ पासून माद्रिद शहराच्या भर रस्त्यांतून शरद ऋतूत मेंढ्यांचा कळप नेतात. आपल्याकडचे धनगर शेतात मेंढ्या बसवावयास अजून येतात, आणि पाणंदी अजून त्यांनीच थोड्याफार जिवंत ठेवल्या आहेत. त्यांना मात्र कोणी मिरवीत नाही.

त्या तरुणाची सुट्टी संपण्यापूर्वी आम्ही दोघे एकदा निघालो. सांक्रिस्तानच्या मुलाची सायकल त्याने घेतली, माझी मी. दोन्ही सायकली टेंपोत टाकून सकाळी गंगापूरकडच्या माझ्या जुन्या केंद्रापर्यंत गेलो आणि तेथून मास्तरांच्या पाणंदीने. मास्तर आता हयात नाहीत. हिवरांतील काही झाडे गेली होती, पण मुरूम होता, सावली होती आणि तासाभरात एकही मोटार दिसली नाही. तो फारसे बोलला नाही. मध्येच थांबून त्याने छायाचित्रे काढली. त्या अर्धवट सडकेवर आल्यावर मी त्याला आजींची हकीकत सांगितली. तो वाकला आणि खडीचा एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. नंतर म्हणाला, "फादर, माझी आजी पण खडीवर होती म्हणतात. कुठल्या सडकेवर ते मी कधी विचारलंच नाही."

ओढा ओलांडून पलीकडच्या शिवरस्त्याला लागावे असा माझा बेत होता. नकाशावर तो आहे. आम्ही सायकली उचलून पलीकडे गेलो तर समोर माणसाएवढी तूर, शेंगांनी लगडलेली. वाटेचा मागमूस नाही. धुऱ्यावर बसलेल्या शेतकऱ्याने आम्हांस ओळखले, पाणी दिले, आणि मी शिवरस्त्याचे नाव काढताच तो थोडा ओशाळला.

"तूर निघू द्या, फादर," तो म्हणाला. "मग या."